म्यूट कळ आणि अनेक ध्वनी उपकरणे (लिनक्स डेस्कटॉप)

म्यूट कळ ही संगणकाच्या कळफलकावरील, एका दाबासरशी आवाज बंद करणारी आणि पुन्हा दाबल्यास तो पूर्ववत करणारी कळ होय. संगणकाला एकच स्पीकर जोडलेला असे तोवर या कळीचा अर्थ निर्विवाद होता. आज एखाद्या लॅपटॉपला त्याचे अंगचे स्पीकर, एचडीएमआय तारेने जोडलेला मॉनिटर, यूएसबी हेडसेट आणि ब्लूटूथ हेडफोन अशी अनेक ध्वनी उपकरणे एकाच वेळी जोडलेली असतात. अशा वेळी कळ दाबल्यावर यांपैकी कोणते उपकरण गप्प व्हावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. लिनक्स डेस्कटॉपवर कर्नेल, ध्वनी सर्व्हर आणि डेस्कटॉप पर्यावरण हे थर वेगवेगळ्या गटांनी विकसित केलेले असल्यामुळे या प्रश्नाची एकाहून अधिक उत्तरे प्रचलित आहेत.

हा केवळ सोयीचा प्रश्न नाही. ग्रंथालयात किंवा बैठकीत कळ दाबूनही आवाज चालू राहिला तर ओशाळवाणे होते; मायक्रोफोन बंद आहे असे समजून बोललेले खासगी बोलणे पलीकडे ऐकू गेले तर त्याहून गंभीर नुकसान होऊ शकते. याउलट जी व्यक्ती पडदा पाहू शकत नाही आणि संगणकाचे बोलणे ऐकूनच काम करते, तिच्यासाठी सर्व आवाज बंद होणे म्हणजे संगणकच हातातून जाणे होय.

कळ दाबल्यापासून आवाज बंद होईपर्यंत

यूएसबी कळफलकावरील म्यूट कळ ही अक्षरांच्या कळींसारखी नसते. यूएसबीच्या मानवी-संवाद उपकरणांच्या मानकात तिची गणना 'ग्राहक नियंत्रण' या वेगळ्या गटात केली असून तेथे तिचा क्रमांक (दशमान पद्धतीने) २२६ आहे. लिनक्स कर्नेल हा संकेत स्वतःच्या क्रमांकात रूपांतरित करतो. कर्नेलच्या यादीत म्यूट ११३, आवाज कमी ११४ आणि आवाज जास्त ११५ असे क्रमांक आहेत. पुढे एक्स सर्व्हर किंवा वेलँडचा संयोजक हा क्रमांक 'एक्सएफ८६ऑडिओम्यूट' या नावाच्या कळसंकेतात बदलतो आणि डेस्कटॉप पर्यावरणाचा एखादा घटक तो संकेत पकडून ध्वनी सर्व्हरला आज्ञा देतो.

या साखळीतील महत्त्वाची गोष्ट अशी की ११३ या क्रमांकात कोणत्याही ध्वनी उपकरणाचा उल्लेख नसतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर म्यूट कळ हे कर्म गाळलेले आज्ञार्थी वाक्य आहे: 'बंद कर'. काय बंद करायचे, हे साखळीतील शेवटच्या घटकाने स्वतःच ठरवायचे असते. कळ दाबणाऱ्याच्या मनात मात्र बहुधा उपकरण नसतेच. त्याला शांतता हवी असते. अपेक्षा परिणामाची आणि आज्ञा उपकरणाची, या दोहोंतील अंतरातून पुढील बहुतेक अडचणी निर्माण होतात.

आवाज बंद होण्याची क्रियाही एका ठिकाणी घडत नाही. ध्वनिपत्रातील एखादा स्विच बंद होऊ शकतो. ध्वनी सर्व्हरने त्या उपकरणासाठी ठेवलेली 'म्यूट' ही खूण बदलू शकते. एकाच कार्यक्रमाचा प्रवाह वेगळा बंद केलेला असू शकतो. अथवा कार्यक्रमाने, उदाहरणार्थ ब्राउझरच्या एखाद्या टॅबने, आवाज स्वतःच रोखलेला असू शकतो. यांपैकी कोणताही एक अडसर असला तरी ध्वनी ऐकू येत नाही. आवाज परत मिळवण्यासाठी मात्र सर्व अडसर दूर व्हावे लागतात. बंद करण्यासाठी एक पुरे, उघडण्यासाठी सगळे हवेत, अशी ही विषम रचना आहे. 'कळ पुन्हा दाबली तरी आवाज येत नाही' या जुन्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा येथेच सापडते.

ध्वनी व्यवस्थेतील बदल

लिनक्समधील सुरुवातीची ध्वनी व्यवस्था ओपन साउंड सिस्टिम (ओएसएस) ही होती. यारोस्लाव्ह किसेला यांनी १९९८ मध्ये सुरू केलेल्या 'अल्सा' प्रकल्पाने पुढे तिची जागा घेतली. २००२ मध्ये अल्सा कर्नेलच्या २.५ या विकास मालिकेत समाविष्ट झाली आणि डिसेंबर २००३ मधील २.६ या आवृत्तीसह ती सर्वसामान्य वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली. अल्सामध्ये प्रत्येक ध्वनिपत्रावर 'मास्टर', 'स्पीकर', 'हेडफोन' अशी अनेक नियंत्रणे असतात व त्यांपैकी बहुतेकांना स्वतंत्र म्यूट स्विच असतो. नव्या स्थापनेनंतर ही नियंत्रणे मूळतः बंद स्थितीत असत. त्यामुळे अनेकांचा लिनक्सवरील पहिला ध्वनी-अनुभव हा शांततेचा होता आणि 'अल्सामिक्सर' उघडून एम ही कळ दाबणे हा जणू दीक्षाविधी ठरला.

अल्साच्या काळात म्यूट कळीला जोडलेली आज्ञा सहसा 'मास्टर' या नियंत्रणाची स्थिती उलटवत असे. ध्वनिपत्र एकच असेपर्यंत ते पुरेसे होते. दोन ध्वनिपत्रे असतील तर ही आज्ञा त्यांपैकी पहिल्यालाच लागू होई. ते नेहमी वापरातलेच असे, याची खात्री नव्हती.

लेनार्ट पॉटरिंग यांनी २००४ मध्ये सुरू केलेला 'पल्सऑडिओ' हा ध्वनी सर्व्हर नोव्हेंबर २००७ मध्ये फेडोरा ८ मध्ये आणि एप्रिल २००८ मध्ये उबुंटू ८.०४ मध्ये मूळ व्यवस्थेचा भाग झाला. त्याने प्रत्येक निर्गमाला 'सिंक' आणि प्रत्येक आगमाला 'सोर्स' असे नाव देऊन त्यांच्यावर स्वतंत्र म्यूट खूण ठेवली. त्याचबरोबर 'पूर्वनिर्धारित सिंक' ही कल्पनाही रूढ झाली. ज्या कार्यक्रमाने विशिष्ट उपकरण मागितलेले नाही त्याचा आवाज या सिंककडे जातो.

या संक्रमणकाळातील एक दोष उद्बोधक आहे. अनेक हलक्या डेस्कटॉपांवर म्यूट कळ अजूनही थेट अल्साला आज्ञा देत होती, तर आवाज पल्सऑडिओ हाताळत होता. कळ दाबली की अल्सा 'मास्टर' बंद करी. ते पाहून पल्सऑडिओ आपल्याकडील सिंक बंद झाल्याचे मानी आणि सोबतचे 'स्पीकर' व 'हेडफोन' हे स्विचही बंद करी. कळ पुन्हा दाबल्यावर अल्सा फक्त 'मास्टर' उघडे. उरलेले दोन बंदच राहत. वापरकर्त्याच्या दृष्टीने कळ एकाच दिशेने चालत असे. उपाय सोपा होता: कळीने अल्साऐवजी पल्सऑडिओलाच आज्ञा द्यावी. बंद करणारा आणि उघडणारा घटक एकच असला पाहिजे आणि काय बंद केले हे त्याला आठवले पाहिजे, हे तत्त्व अनेक उपकरणांच्या प्रश्नातही पुन्हा समोर येते.

विम टायमन्स यांच्या पुढाकाराने घडलेला 'पाइपवायर' २०१७ मध्ये जाहीर झाला. फेडोरा ३४ (एप्रिल २०२१), उबुंटू २२.१० (ऑक्टोबर २०२२) यांसारख्या वितरणांत त्याने पल्सऑडिओची जागा घेतली. जुने कार्यक्रम चालावेत म्हणून तो पल्सऑडिओचीच भाषा बोलतो. कोणते उपकरण पूर्वनिर्धारित असावे, याचा निर्णय मात्र 'वायरप्लंबर' हा त्याचा सत्र-व्यवस्थापक घेतो.

पूर्वनिर्धारित उपकरणाचा नियम

सर्वाधिक प्रचलित नियम असा की म्यूट कळीने फक्त पूर्वनिर्धारित उपकरण बंद करावे. आय३ या खिडकी-व्यवस्थापकाच्या मूळ संरचना-फाइलमध्ये म्यूट कळीला हीच आज्ञा जोडलेली असते. ग्नोमही मुख्यतः याच वाटेने जातो. नियम समजायला सोपा आहे आणि आवाज कमी-जास्त करणाऱ्या शेजारच्या दोन कळींशी सुसंगतही आहे, कारण त्याही पूर्वनिर्धारित उपकरणावरच काम करतात. हेडफोनवर गाणे ऐकणाऱ्याने कळ दाबली तर त्याचे गाणे थांबते आणि दिवाणखान्यातल्या टीव्हीवर मुलांसाठी चालू असलेला चित्रपट चालू राहतो. असा वापर करणाऱ्याला हाच नियम योग्य वाटेल.

या नियमाची पहिली त्रुटी अशी की आवाज पूर्वनिर्धारित उपकरणातूनच येत असेल असे नाही. पल्सऑडिओ व पाइपवायर दोन्ही व्यवस्था प्रत्येक कार्यक्रमाचा आवाज मागील वेळी कोठे पाठवला होता ते लक्षात ठेवतात. एखाद्याने महिन्यापूर्वी व्हिडिओ-वादकाचा आवाज मॉनिटरकडे वळवला असेल, तर आज पूर्वनिर्धारित उपकरण हेडसेट असूनही तो वादक मॉनिटरवरच वाजेल. कळ दाबली जाते, पडद्यावर काट मारलेल्या स्पीकरचे चिन्ह उमटते आणि आवाज मात्र चालूच राहतो. चिन्ह खोटे नसते. ते दुसऱ्याच उपकरणाबद्दल खरे असते, आणि म्हणूनच ते अधिक गोंधळात टाकते.

दुसरी त्रुटी काळाशी संबंधित आहे. म्यूट ही खूण उपकरणाला चिकटलेली असते, तर पूर्वनिर्धारित उपकरण केव्हाही बदलू शकते. लॅपटॉपचे स्पीकर बंद करून कोणी व्याख्यानास बसले आणि मध्येच खिशातील ब्लूटूथ हेडफोन जोडला गेला, तर पूर्वनिर्धारित जागा हेडफोनकडे जाते. हेडफोनची म्यूट खूण मागील वापरातील, म्हणजे बहुधा उघडी असते. उलट दिशेने घडते ते अधिक त्रासदायक असते. हेडफोनवर मोठ्याने गाणे चालू असताना त्याची बॅटरी संपते, व्यवस्था तत्परतेने अंगच्या स्पीकरांकडे वळते आणि सारी खोली ते गाणे ऐकते. अँड्रॉइडने या प्रसंगासाठी कार्यक्रमांना 'आता आवाज बाहेर ऐकू जाणार आहे' अशी वेगळी सूचना देण्याची पद्धत पूर्वीच घालून दिली, जेणेकरून वादकाने स्वतः थांबावे. लिनक्सच्या बाजूने वायरप्लंबरच्या अलीकडील आवृत्त्यांत वाजते उपकरण निघून गेल्यास उरलेले उपकरण आपोआप म्यूट करण्याची सोय आली आहे.

पडद्यावर क्षणभर दिसणाऱ्या पट्टीत उपकरणाचे नाव दाखवणे, हा पहिल्या त्रुटीवरचा स्वस्त पण परिणामकारक उतारा आहे. ग्नोममध्ये अंगच्या स्पीकरांखेरीज अन्य उपकरणावर कळ लागू झाली तर त्याचे नाव त्या पट्टीत दाखवले जाते. त्यामुळे आवाज बंद होत नसला, तरी निदान का होत नाही ते कळते.

सर्व उपकरणांचा नियम

दुसरे उत्तर असे की म्यूट कळ म्हणजे 'शांतता', म्हणून तिने सर्व निर्गम उपकरणे एकदम बंद करावीत. कळ दाबणाऱ्याच्या मूळ हेतूशी हे अधिक जुळते. अडचण सुरू होते ती दुसऱ्यांदा दाबताना.

समजा, स्पीकर आधीपासून बंद आहेत आणि हेडसेट चालू आहे. कळीने प्रत्येक उपकरणाची स्थिती नुसती उलटवली तर हेडसेट बंद होईल आणि स्पीकर सुरू होतील. म्हणजे शांततेसाठी दाबलेल्या कळीमुळेच खोलीत आवाज होईल. म्हणून उलटवण्याऐवजी 'एकही उपकरण चालू असेल तर सर्व बंद करा' असा नियम ठेवावा लागतो. पुढे कळ पुन्हा दाबल्यावर सर्व उपकरणे सरसकट उघडणेही चूक ठरते, कारण स्पीकर वापरकर्त्याने आधी जाणूनबुजून बंद केले होते. व्यवस्थेने कळ दाबण्यापूर्वीची स्थिती लक्षात ठेवून तीच परत आणली पाहिजे. केडीई प्लाझ्माच्या ध्वनी घटकात सर्व उपकरणे एकदम म्यूट करण्याची जी रचना आहे, तिच्यात आधीच बंद असलेल्या उपकरणांची यादी याच कारणासाठी जतन केली जाते. ही यादी उपकरणाच्या नावाबरोबर त्याचे चालू पोर्टही नोंदवते. एकाच ध्वनिपत्रावरील हेडफोनची खाच आणि स्पीकर ही वापरकर्त्याच्या लेखी दोन वेगळी उपकरणे असतात.

स्मृती ठेवली तरी काही प्रश्न उरतात. सर्व काही बंद असताना नवीन उपकरण जोडले गेले तर ते बंद स्थितीतच सुरू व्हावे काय? शांतता हे वचन मानले तर उत्तर होकारार्थी आहे. पण हेडफोन जोडताच त्यातून आवाज यावा अशी अपेक्षा असणाऱ्याला ते बिघडल्यासारखे वाटेल. सर्व काही बंद असताना वापरकर्त्याने एकच उपकरण हाताने उघडले तर सर्वव्यापी म्यूट संपली असे मानायचे काय? मानले नाही, तर पुढच्या दाबाला कळ काय करील हे सांगणे अवघड होते. आवाज वाढवण्याची कळ दाबल्यास काय व्हावे, यावर मात्र बऱ्यापैकी एकमत आहे. ग्नोममध्ये ती कळ म्यूट उठवते, आणि म्यूटमधून बाहेर येताना आवाजाची पातळी शून्य नसेल तर ती न वाढवता आधीच्याच पातळीवर परत आणते. पूर्ण शांततेनंतर पहिलाच आवाज अपेक्षेपेक्षा मोठा येऊ नये, असा त्यामागचा साधा विचार आहे.

आभासी उपकरणे हा आणखी एक अपवाद. थेट प्रक्षेपण करणारे लोक कार्यक्रमाचा आवाज एका आभासी सिंककडे वळवून तेथून प्रक्षेपकाला देतात. 'सर्व' या शब्दात हे सिंकही आले तर आपल्या खोलीतील आवाज बंद करण्यासाठी दाबलेली कळ श्रोत्यांचाही आवाज बंद करते. म्हणून सर्वव्यापी म्यूटमधून आभासी उपकरणे वगळणे इष्ट मानले जाते.

'सर्व' आणि 'पूर्वनिर्धारित' यांच्यामधला एक पर्याय म्हणजे त्या क्षणी ज्या उपकरणांतून प्रत्यक्ष आवाज येत आहे तेवढीच बंद करणे. ध्वनी सर्व्हरला ही माहिती असते, कारण प्रत्येक सिंक 'चालू', 'रिकामे' वा 'निद्रिस्त' यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे याची नोंद तो ठेवतो. हा पर्याय आकर्षक असला तरी टिकाऊ नाही. दोन वाक्यांमधील विरामात कळ दाबली तर काहीच बंद होणार नाही आणि पुढच्या क्षणी एखाद्या संदेशाची घंटी आतापर्यंत रिकाम्या असलेल्या मॉनिटरवर वाजू शकेल. लोक म्यूट कळ दाबतात ती चालू आवाजासाठी जितकी, तितकीच येऊ शकणाऱ्या आवाजासाठीही.

कळ ज्या उपकरणावर आहे ते उपकरण

अनेक यूएसबी स्पीकर व हेडसेट यांच्यावर स्वतःची म्यूट कळ असते. अशा वेळी गाळलेले कर्म सहज भरून काढता येते: हेडसेटवरची कळ हेडसेटसाठीच असणार. संगणकाच्या दृष्टीने हे उपकरण एकाच यूएसबी जोडणीवर एक छोटा कळफलक आणि एक ध्वनिपत्र अशा दोन रूपांत दिसते. ग्नोमच्या बहुमाध्यम-कळी हाताळणाऱ्या घटकात कळीची घटना कोणत्या उपकरणातून आली ते पाहून, त्याच यूएसबी उपकरणाशी ध्वनी प्रवाह जोडलेला असल्यास पूर्वनिर्धारित उपकरणाऐवजी त्याच्यावर आज्ञा लागू करण्याची सोय आहे. कल्पना साधी असली तरी तिच्यासाठी कळीच्या उगमाची माहिती कर्नेलपासून डेस्कटॉपपर्यंत प्रत्येक थराने पुढे पोहोचवावी लागते. केवळ कळसंकेत पकडून एखादी आज्ञा चालवणाऱ्या हलक्या खिडकी-व्यवस्थापकांत ही माहिती वाटेतच गळते.

काही हेडसेटांत म्यूट कळ संगणकाला काही न कळवता आतल्या आतच मायक्रोफोन बंद करते. तेथे संगणकाच्या पडद्यावरील चिन्ह आणि प्रत्यक्ष स्थिती यांचा काहीच संबंध उरत नाही.

मायक्रोफोनची कळ

मायक्रोफोन बंद करण्यासाठी अनेक लॅपटॉपांवर वेगळी कळ असते. कर्नेलने तिला २४८ हा क्रमांक दिला आहे. या क्रमांकामुळे एक विचित्र अडचण उद्भवली. एक्स सर्व्हर कर्नेलच्या क्रमांकात ८ मिळवून स्वतःचा क्रमांक बनवतो आणि त्याच्या मूळ नियमावलीत २५५ पेक्षा मोठा क्रमांक बसत नाही. २४८ अधिक ८ म्हणजे २५६. केवळ एकाने मर्यादा ओलांडल्यामुळे ही कळ एक्सवर चालणाऱ्या डेस्कटॉपपर्यंत पोहोचतच नव्हती. यावर तोड म्हणून अनेक लॅपटॉपांसाठी ती एफ२० ही सहसा कोणत्याही कळफलकावर नसलेली कळ असल्याचे दाखवले गेले आणि पुढे एफ२० चा अर्थ 'मायक्रोफोन म्यूट' असा लावण्यात आला.

स्पीकर आणि मायक्रोफोन यांना एकच नियम लावणे योग्य नाही, कारण दोन्ही ठिकाणी चुकीची किंमत वेगळी आहे. स्पीकर बंद झाला नाही तर ते लगेच ऐकू येते आणि चूक सुधारता येते. मायक्रोफोन बंद झाला नाही तर बोलणाऱ्याला ते कळत नाही. कळते ते पलीकडच्याला. दूरस्थ बैठकीत बसलेल्या व्यक्तीच्या संगणकाला लॅपटॉपचा, वेबकॅमचा आणि हेडसेटचा असे तीन मायक्रोफोन सहज असतात. बैठकीच्या कार्यक्रमाने वेबकॅमचा मायक्रोफोन निवडलेला असेल आणि कळीने पूर्वनिर्धारित म्हणून हेडसेटचा बंद केला, तर कळीवरचा दिवा पेटूनही घरातले बोलणे बैठकीत पोहोचत राहते. त्यामुळे निर्गमांबाबत मतभेद असले तरी मायक्रोफोनच्या बाबतीत 'सर्व बंद' हाच नियम सुरक्षित ठरतो. प्लाझ्माच्या पट्टीवरील मायक्रोफोन निर्देशक याच पद्धतीने चालतो: तो आभासी नसलेले सर्व मायक्रोफोन बंद करतो.

ज्यांना सॉफ्टवेअरवर विसंबायचेच नाही त्यांच्यासाठी काही उत्पादक विद्युतमार्गच तोडणारा स्विच देतात. प्युरिझमच्या लिब्रेम आणि फ्रेमवर्कच्या लॅपटॉपांवर असे स्विच आहेत.  पण यूएसबी वा ब्लूटूथने जोडलेला हेडसेट त्यांच्या कक्षेबाहेर राहतो.

कळीवरील दिवा

अनेक लॅपटॉपांवर म्यूट कळींमध्ये लहान दिवा असतो. उपकरणे अनेक आणि दिवा एक, म्हणून त्याने कोणाची स्थिती दाखवावी हा प्रश्न येथेही आहे. कर्नेलच्या ५.१३ (२०२१) या आवृत्तीपासून अल्सामध्ये या दिव्यांसाठी सामाईक यंत्रणा आहे. तिच्यात एका दिव्याला अनेक ध्वनी नियंत्रणे जोडता येतात आणि त्यांपैकी एकही चालू नसेल तरच दिवा पेटतो. म्हणजे दिवा 'कोणीतरी बंद आहे' असे न सांगता 'सर्व बंद आहेत' असे सांगतो. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही निवड बरोबर आहे. मात्र दिव्याला जोडलेली नियंत्रणे सामान्यतः लॅपटॉपच्या अंगच्या ध्वनिपत्राचीच असतात. यूएसबी वा ब्लूटूथ मायक्रोफोन चालू असला तरी दिव्याला त्याची खबर नसते.

थिंकपॅडची वेगळी रीत

जुन्या थिंकपॅड लॅपटॉपांवर म्यूट कळ संचालन प्रणालीला न विचारता यंत्राच्या अंतर्गत नियंत्रकातच आवाज बंद करी. शिवाय ती उलटसुलट चालणारी कळ नव्हती. कितीही वेळा दाबली तरी आवाज बंदच राहत असे; तो सुरू करण्यासाठी आवाज वाढवण्याची वा कमी करण्याची कळ दाबावी लागे. लिनक्स डेस्कटॉप मात्र प्रत्येक दाबाला आपली म्यूट खूण उलटवत राहिला. दोनदा दाबल्यास पडद्यावर 'चालू' दिसे आणि यंत्र मुके असे. पुढे ड्रायव्हरमध्ये हा निर्णय सॉफ्टवेअरकडे सोपवण्याचा पर्याय आला, तेव्हा या दोन्ही स्थिती जुळल्या.

तरीही जुन्या रीतीमागचा विचार टाकाऊ नव्हता. अंधारात, घाईत, पडदा न पाहता दाबलेल्या कळीचा परिणाम आधीच्या स्थितीवर अवलंबून नसावा, असे तिचे सूत्र होते. उलटवणाऱ्या कळीत हा गुण नाही: आधीच बंद असलेला आवाज घाईत पुन्हा 'बंद' करायला जाणारा तो सुरू करून बसतो. उपकरणे अनेक झाल्यावर आधीची स्थिती डोक्यात ठेवणे आणखी अवघड होते, म्हणून ही जुनी रीत आजही विचारात घेण्यासारखी आहे.

दृष्टिहीन वापरकर्ते

लिनक्स डेस्कटॉपवर ऑर्का हा पडदा-वाचक पडद्यावरील मजकूर बोलून दाखवतो. त्यासाठी बहुधा ईस्पीक-एनजी हे वाणी-संश्लेषक वापरले जाते; मराठी ही त्याच्या भाषांपैकी एक आहे. अशा वापरकर्त्याच्या दृष्टीने 'सर्व बंद' हा नियम धोक्याचा आहे. म्यूट झाल्याचे सांगणारे चिन्ह त्याला दिसत नाही आणि ते सांगू शकणारा आवाजच बंद झालेला असतो. अनेकजण पडदा-वाचकाचा आवाज एका कानातील हेडफोनवर आणि बाकीचा आवाज स्पीकरवर ठेवतात. त्यांना कळीने स्पीकर बंद व्हायला हवा, हेडफोन नव्हे.

पल्सऑडिओच्या रचनेत प्रत्येक ध्वनी प्रवाहाला संगीत, दूरध्वनी, सूचना, सुगम्यता अशी भूमिका देता येते आणि या भूमिकांवरून काही निर्णयही घेतले जातात. उदाहरणार्थ, दूरध्वनी सुरू होताच संगीत थांबवणे. पण म्यूट कळ सिंकच्या पातळीवर काम करते, आणि बंद सिंकमधून कोणत्याही भूमिकेचा प्रवाह बाहेर पडू शकत नाही. सुगम्यतेच्या आवाजाला वाट ठेवायची तर सिंकऐवजी त्यावरील इतर प्रवाह एकेक करून बंद करावे लागतील आणि म्यूट असेपर्यंत नव्याने सुरू होणारा प्रत्येक प्रवाहही तत्क्षणी बंद करावा लागेल. हे काम सतत जागा असणारा सत्र-व्यवस्थापकच करू शकतो; कळ दाबल्यावर क्षणभर चालून संपणारी आज्ञा ते करू शकत नाही.

अन्य संचालन प्रणाली

विंडोजमध्ये व्हिस्टापासून प्रत्येक ध्वनी उपकरणाची म्यूट स्थिती वेगळी ठेवली जाते आणि कळफलकावरील कळ पूर्वनिर्धारित उपकरणावर चालते. मॅकओएसमध्येही कळ निवडलेल्या निर्गमापुरती असते; ज्या एचडीएमआय मॉनिटरचा आवाज संगणकाला नियंत्रित करता येत नाही, त्याच्या बाबतीत पडद्यावर मनाईचे चिन्ह दिसते आणि आवाज तसाच राहतो. लिनक्सवरील ध्वनी सर्व्हर अशा मॉनिटरसाठी नमुने पाठवण्यापूर्वीच सॉफ्टवेअरमध्ये शून्य करू शकतो, त्यामुळे तेथे ही कळ निरुपयोगी ठरत नाही.